शकुंतलेचा भाव

मूर्तिजापूर-यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे आमच्या जिल्ह्यात ‘शकुंतला’ या नावाने ओळखली जाते. तिच्यावर लेख लिहिले गेले, माहितीपट निघाले. ब्रिटिश गेले तरी तिची रॉयल्टी अजून कंपनीला जाते, ही बातमी दर दोन-तीन वर्षांनी नव्याने छापून येते आणि दर वेळी तेवढीच नवलाची वाटते. या साऱ्या लेखनात एक प्रश्न मात्र मला क्वचितच भेटला. ज्या कंपनीच्या मालकीची ही रेल्वे, तिच्या शेअरची योग्य किंमत काय असायला हवी होती? प्रश्न रुक्ष आहे, पण रूळ का झिजले, डबे का थांबले आणि यवतमाळच्या वाट्याला काय आले, याचे बरेचसे उत्तर त्याच्या पोटात आहे.

मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. जिनिंग-प्रेसिंगच्या कचेरीत हिशेब लिहिता लिहिता ताळेबंद वाचायला शिकलो आणि पुढे जुन्या कंपन्यांचे अहवाल गोळा करायचा नाद लागला. तिथे एक गोष्ट लवकर कळली. ज्या कंपन्या लोकांना वीज, पाणी, वायू किंवा वाहतूक पुरवतात, त्यांचा हिशेब किराणा दुकानासारखा वाचून चालत नाही. त्यांचे गिऱ्हाईक बांधलेले असते, दर सरकार ठरवते आणि मालमत्ता पन्नास-पन्नास वर्षे जमिनीत रुतून बसते. अशा उपयुक्तता कंपन्यांचे मोल कसे करायचे, हा प्रश्न आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक काळ विचारला जातो आहे. त्याला मिळालेली उत्तरे एकामागून एक पाहू.

पहिले उत्तर : बाजाराची सरासरी

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपली ‘जीआयपी’, हिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला १८४९ मध्ये. भागधारकांना भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी होती. रेल्वेने तेवढे कमावले नाही तर उरलेली रक्कम सरकारी तिजोरीतून, म्हणजे शेतसाऱ्यातून, भरायची. दादाभाई नौरोजींच्या पिढीने या हमीवर टीका केली ती यामुळेच. धोका रयतेचा आणि नफा लंडनचा, असा तो व्यवहार होता.

पण करारात आणखी एक कलम होते. सरकारला पुढे ही रेल्वे विकत घेता येईल आणि त्या वेळी शेअरचा आधीच्या तीन वर्षांतला सरासरी बाजारभाव द्यावा लागेल. १९०० साली सरकारने रेल्वे विकत घेतली ती याच व्यवस्थेखाली. एका दिवसाचा भाव फसवा असू शकतो, म्हणून सरासरी घ्यावी, हे शहाणपण त्यात होते. गोम अशी की भाव हमीवरच उभा होता. हमी सरकारची, हमीमुळे भाव चढलेला आणि तो चढलेला भाव पुन्हा सरकारनेच द्यायचा. सरासरी काढली होती, पण चुकीच्या गोष्टीची.

दुसरे उत्तर : यंत्रांची किंमत

विजेचा काळ आला. १९१० साली दोन गोष्टी घडल्या. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली आणि इंडियन इलेक्ट्रिसिटी अ‍ॅक्ट मंजूर झाला. लोणावळ्याच्या डोंगरात पावसाचे पाणी अडवून खोपोलीला खाली सोडायचे आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, ही जमशेदजींची कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर १९१५ मध्ये प्रत्यक्षात आली. पुढे भिवपुरी १९२२ ला आणि भिरा १९२७ ला सुरू झाले. भिऱ्यासाठी मुळशीचे खोरे बुडाले. सेनापती बापटांचा १९२१ ते १९२४ चा सत्याग्रह त्याच धरणाविरुद्धचा. ज्या जमिनी बुडाल्या, त्यांची खरी किंमत कंपनीच्या ताळेबंदात कुठल्याच रकान्यात नव्हती. शेअरच्या मूल्याची चर्चा करताना हा रिकामा रकाना विसरता कामा नये, म्हणून तो इथे नोंदवतो.

१९१० च्या कायद्याने गावोगावच्या वीज कंपन्यांना परवाने दिले. परवान्याची मुदत संपली की सरकारला किंवा नगरपालिकेला ती कंपनी विकत घेण्याचा हक्क होता. किंमत कशी ठरवायची, हे सातव्या कलमात लिहिले होते. जमीन, इमारती, यंत्रे आणि तारा यांचे त्या वेळच्या स्थितीनुसार, दुरुस्ती लक्षात घेऊन, रास्त बाजारमूल्य द्यायचे. नावलौकिकाचा किंवा पुढे होऊ शकणाऱ्या नफ्याचा एक पैसाही त्यात धरायचा नाही. सक्तीच्या खरेदीबद्दल म्हणून परवान्यात लिहिले असेल तेवढी, फार तर वीस टक्के, रक्कम वर द्यायची.

हे जीआयपीच्या अगदी उलटे टोक. तिथे शेअरचा भाव हेच मूल्य, इथे लोखंड-तांबे हेच मूल्य. या दुसऱ्या पद्धतीत मालकाच्या मनात एक हिशेब आपोआप सुरू होतो. परवाना संपायला दहा वर्षे उरली असताना नवे यंत्र बसवायचे की जुन्यावरच भागवायचे? नवे बसवले तर त्याची झिजलेली किंमत हाती येणार. न बसवले तर ती रोकड आजच लाभांश म्हणून वाटता येणार. कायद्याने ‘दुरुस्तीची स्थिती’ पाहायला सांगितले होते, ते या मोहाला आवर घालण्यासाठीच.

तिसरे उत्तर : मूळ किमतीवर परतावा

स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, इलेक्ट्रिसिटी (सप्लाय) अ‍ॅक्ट आला. त्याची पूर्वतयारी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या काळात झाली आणि कायदा मंजूर झाला तेव्हा वीज खाते काकासाहेब गाडगीळांकडे होते. म्हणजे या इतिहासात महाराष्ट्र केवळ वीज वापरणारा नव्हता. कायद्याच्या सहाव्या परिशिष्टात खाजगी वीज कंपन्यांसाठी ‘वाजवी परतावा’ बांधून दिला. मालमत्तेच्या मूळ किमतीवरून भांडवलाचा पाया काढायचा, त्यावर ठरलेल्या दराने परतावा घ्यायचा. १९६५ नंतरच्या नव्या गुंतवणुकीसाठी हा दर रिझर्व्ह बँकेच्या बँक दरापेक्षा दोन टक्के जास्त आणि १९९१ नंतर पाच टक्के जास्त असा झाला. नफा वाजवीपेक्षा अधिक झाला तर त्यातला ठरावीक हिस्साच कंपनीचा. बाकीचा दर व लाभांश नियंत्रण निधीत आणि ग्राहकांना सवलत म्हणून जायचा.

व्यवस्था न्याय्य दिसते आणि बऱ्याच अंशी होतीही. पण तिच्यात एक शब्द फार महागात पडणारा होता : ‘मूळ’. घसारा मूळ किमतीवर, परतावा मूळ किमतीवर. रुपया स्थिर असेल तर हे ठीक. रुपया घसरत असेल तर?

हा प्रश्न बाबासाहेबांनीच १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात वेगळ्या संदर्भात मांडला होता. रुपया सोन्याशी किंवा पौंडाशी किती स्थिर आहे, यापेक्षा तो वस्तूंच्या किमतींशी किती स्थिर आहे हे महत्त्वाचे, अशी त्यांची भूमिका होती. वीज कंपनीच्या ताळेबंदाला हीच कसोटी लावून पाहा.

एक ट्रान्सफॉर्मर २००१-०२ मध्ये १० लाखांना घेतला आणि त्याचे आयुष्य २५ वर्षे धरले, असे समजा. दरवर्षी ४० हजार घसारा लिहून २५ वर्षांत १० लाख बाजूला पडतील. प्राप्तिकर खात्याचा महागाई निर्देशांक २००१-०२ ला १०० होता, तो २०२४-२५ ला ३६३ झाला. घर विकणाऱ्या प्रत्येकाला हा निर्देशांक ठाऊक असतो. तोही ग्राहक किमतींतल्या वाढीचा तीन-चतुर्थांश भागच मोजतो. तरीसुद्धा त्या हिशेबाने तोच ट्रान्सफॉर्मर आज ३६ लाख ३० हजारांचा. साठले १० लाख, लागणार ३६ लाख. मधले २६ लाख कुठून येणार? एक तर कर्जातून, नाहीतर ज्या रकमेला आपण इतकी वर्षे ‘नफा’ म्हणत होतो, तिच्यातून. म्हणजे तो नफा पुरा नफा नव्हताच. त्यातला एक भाग यंत्राचे आयुष्य होते आणि ते आपण लाभांश म्हणून खाल्ले.

आजही केंद्रीय वीज नियामक आयोग भागभांडवलावर रुपयांतला परतावा देतो. २००९ पासून हा पायाभूत दर साडेपंधरा टक्के होता. पण २००९ नंतरच्या चार-पाच वर्षांत ग्राहक महागाई दहाच्या आसपास होती आणि पुढे ती पाचच्या घरात आली. कागदावर तोच साडेपंधरा, पण भागधारकाच्या पदरात एकदा साडेपाच आणि एकदा दहा-साडेदहा.

चौथे उत्तर : उरलेल्या रोकडीची सरासरी

इथे चौथी पद्धत पुढे येते. तिचे धागे बाहेरचे आहेत. कंपनीची एका वर्षाची कमाई पाहू नका, सात ते दहा वर्षांची सरासरी पाहा, हे बेंजामिन ग्रॅहमने १९३४ मध्ये डेव्हिड डॉडसह लिहिलेल्या ग्रंथात सांगितले. ती दहा वर्षांची कमाई आधी महागाईनुसार आजच्या पैशांत बदलून घ्या, हे जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर यांनी १९८८ मध्ये रूढ केले. आणि ‘कमाई’ऐवजी यंत्रे टिकवायला लागणारा खर्च वजा करून मालकाच्या हाती खरोखर उरणारे पैसे मोजा, हे वॉरन बफे यांनी १९८६ च्या वार्षिक पत्रात मांडले. हे तिन्ही धागे एकत्र वळले की उपयुक्तता कंपनीला शोभेल असा दोर तयार होतो.

हिशेब अवघड नाही. कंपनीच्या रोकड प्रवाहाच्या पत्रकातून धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड घ्यायची. व्याज, कर आणि त्या वर्षाचा सगळा भांडवली खर्च वजा करायचा. उरेल ती मुक्त रोकड. ती ऋणही असू शकते. आता प्रत्येक वर्षाची रक्कम निर्देशांकाने आजच्या रुपयांत आणायची आणि मग सरासरी काढायची.

कल्पित कंपनीचे उदाहरण घेऊ. २०२०-२१ ते २०२४-२५ या पाच वर्षांची तिची मुक्त रोकड कोटींत अशी : ६०, २०, उणे ३०, ४५ आणि ५५. त्या वर्षांचे निर्देशांक ३०१, ३१७, ३३१, ३४८ आणि ३६३. आजच्या रुपयांत त्या रकमा होतात सुमारे ७२.४, २२.९, उणे ३२.९, ४६.९ आणि ५५. बेरीज १६४.३ कोटी, सरासरी सुमारे ३३ कोटी. सरकारी रोखा ७ टक्के देतो आणि महागाई ४ टक्के धरली, तर खरा परतावा ३ टक्के. जोखमीपोटी आणखी ३ टक्के मागितले, तर अपेक्षा ६ टक्क्यांची. ३३ कोटींना ०.०६ ने भागले की मूल्य सुमारे ५५० कोटी. दहा कोटी शेअर असतील तर एका शेअरला ५५ रुपये. फक्त शेवटच्या वर्षाचे ५५ कोटी धरणारा माणूस याच शेअरला ९२ रुपये मोजायला तयार होईल.

यात दोन पथ्ये पाळावी लागतात. रोकड महागाई काढून मोजली असेल तर अपेक्षित दरही महागाई काढूनच घ्यायचा. एकीकडे काढून दुसरीकडे ठेवली तर हिशेब कोलमडतो. दुसरे पथ्य नव्या प्रकल्पांचे. वाढत्या कंपनीची मुक्त रोकड कित्येक वर्षे ऋण दिसते, कारण ती नवी केंद्रे उभारत असते. तिला लगेच कवडीमोल ठरवू नये. जुने टिकवण्याचा खर्च आणि नवे उभारण्याचा खर्च वेगळे करून दोन सरासऱ्या काढाव्यात आणि मुदत पाचऐवजी दहा-पंधरा वर्षांची घ्यावी. कमी पावसाचे वर्ष, थकलेली बिले, लांबलेला दरवाढीचा आदेश हे सगळे त्या मुदतीत येऊन जाते. आम्हा कापूसवाल्यांना हे सांगायला नको. एका हंगामाच्या भावावर शेताची किंमत कोण ठरवतो?

हमी पाहून भुलणाऱ्यांसाठी दाभोळचे उदाहरण पुरेसे आहे. परतावा सोळा टक्के, तोही डॉलरशी बांधलेला. कागदावर यापेक्षा सुरक्षित काही नव्हते. पण ती रोकड ज्याने द्यायची, त्या महाराष्ट्र राज्य वीज मंडळाला ती झेपली नाही आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. हमी म्हणजे रोकड नव्हे.

आता शकुंतला

मुंबईच्या किलिक, निक्सन आणि कंपनीने, म्हणजे १८५७ साली सुरू झालेल्या पेढीने, १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गापर्यंत आणायचा, हा हेतू. अचलपूर ते मूर्तिजापूर आणि तिथून कारंजा, दारव्हा करत यवतमाळ असा सुमारे १९० किलोमीटरचा अडीच फुटी मार्ग १९१६ पर्यंत पुरा झाला. मूर्तिजापूरला गाठी मोठ्या गाडीत चढायच्या आणि मुंबईकडे जायच्या. रूळ कंपनीचे, पण गाडी चालवायची जीआयपीने. १९५१ मध्ये जीआयपी मध्य रेल्वेत विलीन झाली. रूळ मात्र कंपनीकडेच राहिले आणि त्यांच्या वापराचा मोबदला तिला मिळत राहिला. वर्षाला कोटीभराहून जास्त, असा आकडा अलीकडच्या बातम्यांत येत असे.

या कंपनीचा शेअर चौथ्या पद्धतीने तोलून पाहा. उत्पन्न ठरलेले आणि रूळ राखायची जबाबदारी गाडी चालवणाऱ्याची. मालकाचा भांडवली खर्च जवळजवळ शून्य. म्हणजे येईल ती सारी रोकड मुक्त! नुसते सूत्र चालवणाऱ्याला यापेक्षा गोड शेअर सापडायचा नाही. दुसऱ्या बाजूला, जी रेल्वे गाडी चालवते तिच्या दृष्टीने हे रूळ परक्याचे. परक्याच्या घराला रंग कोण देतो? १९२४ पासून रेल्वेत घसारा निधी आहे, पण तो आपल्या मालमत्तेसाठी. अशा रीतीने मोबदला एकाचा, दुरुस्ती दुसऱ्याची आणि नूतनीकरण कुणाचेच नाही, अशी स्थिती आली.

मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९२३ पासून धावले ते थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत. सत्तर वर्षे! लोक कौतुकाने सांगतात आणि त्या कारागिरांचे कौतुक मलाही आहे. पण हिशेबनीस म्हणून मला त्यात दुसरेही दिसते. त्या इंजिनाची मूळ किंमत वहीतून केव्हाच पुसली गेली असणार आणि नव्याची तरतूद करायला कुणी बांधलेले नव्हते. रूळ थकले, वेग मंदावला, कापूस ट्रकवर गेला, सवड नसलेला प्रवासी एसटीत चढला. गाडीत उरले ते स्वस्त तिकिटाशिवाय ज्यांना पर्याय नव्हता ते. गेल्या दशकात तीही थांबली.

म्हणून माझ्या मते चौथ्या पद्धतीलाही एक पुस्ती जोडायला हवी. रोकड उरली, एवढ्याने ती मुक्त होत नाही. ती का उरली हे विचारले पाहिजे. काम चोख करून उरली की स्लीपर न बदलल्यामुळे उरली? उपयुक्तता कंपनीचा अहवाल हाती आला की मी आधी दोन आकडे शेजारी ठेवतो : दहा वर्षांचा घसारा आजच्या रुपयांत आणि दहा वर्षांचा प्रत्यक्ष भांडवली खर्च आजच्या रुपयांत. दुसरा पहिल्यापेक्षा बराच कमी असेल, तर ती फरकाची रक्कम मी मुक्त रोकडीतून वजा करतो. शकुंतलेला ही कसोटी लावली असती, तर तो गोड शेअर म्हणजे हळूहळू मोडून विकली जाणारी रेल्वे आहे, हे पन्नास वर्षे आधी दिसले असते. भागधारकालाही आणि सरकारलाही.

आमच्या जिल्ह्यातल्या अनेक निवृत्त शिक्षकांनी, कारकुनांनी भविष्यनिर्वाह निधीतला थोडा पैसा ‘विजेचे शेअर सुरक्षित’ म्हणून गुंतवला आहे. वणीचा कोळसा वीजकेंद्रांकडे जाताना आम्ही रोज पाहतो, त्यामुळे ती कंपनी ओळखीची वाटते. लाभांश वेळेवर येतो, तो पेन्शनसारखा वाटतो. कुठला शेअर घ्यावा किंवा विकावा हे सांगायचा माझा अधिकार नाही. तो लाभांश यंत्रांच्या कमाईतून येतो आहे की यंत्रांच्या आयुष्यातून, हे विचारायचा अधिकार मात्र प्रत्येक भागधारकाला आहे. आणि तोच प्रश्न वीजबिल भरणाऱ्या, नळाचे पाणी पिणाऱ्या नागरिकालाही विचारता येतो. दर आज कमी ठेवण्यासाठी तारा आणि नळ बदलायचे पुढे ढकलले, तर वाचलेले पैसे कुणाच्या तरी मुलांकडून उसने घेतलेले असतात.

वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. पुढचे काम चालू आहे. मोठी गाडी यवतमाळला येईल तेव्हा आनंद होईलच. त्या मार्गाचा खर्च आणि त्यावरची वाहतूक यांचे आकडे तेव्हा सगळीकडे छापून येतील. मी त्यांच्यासोबत आणखी एक आकडा शोधणार आहे : पंचवीस वर्षांनी रूळ बदलायचे झाले तर त्यासाठी दरवर्षी किती पैसे बाजूला पडत आहेत, आणि ते कोणत्या वर्षाच्या रुपयांत मोजले आहेत.